40 हजारांचं डिस्काउंट आणि वर्षभर यार्डात पडलेली 'नवी' गाडी

30 मार्च 2025, गुढीपाडवा. सकाळी साडेदहाला शोरूममध्ये गाडीवरचं लाल कापड बाजूला झालं, बाबांनी नारळ फोडला, फोटो झाले. तीन आठवड्यांनी आरसी हातात आली. त्यावर उत्पादनाचा महिना छापला होता: 03/2024. आम्ही नवी कोरी म्हणून पुजलेली गाडी वर्षभर कुठल्या तरी यार्डात ऊनपाऊस खात उभी होती.

चार महिने मी हे ओळखीतल्या कुणाला सांगितलं नाही. लाज वाटत होती. पण परवा ऑफिसमधला एक जण त्याच शोरूमचं क्वोटेशन घेऊन आला. सण बदलला होता, डिस्काउंटची ओळ तीच होती. त्याला थांबवलं आणि रात्री लिहायला बसलो.

माझं क्वोटेशन असं होतं. एक्स-शोरूम 9,48,000, त्यातून डिस्काउंट 40,000 वजा. आरटीओचे सगळे मिळून 1,10,600. इन्शुरन्स 51,340. ॲक्सेसरीज किट 18,500. हँडलिंग चार्जेस 9,500. ऑन-रोड 10,97,940 रुपये. यातले तीन लाख बाबांच्या ग्रॅच्युइटीचे.

त्याच इन्शुरन्स कंपनीचा, तेवढ्याच आयडीव्हीचा (विम्यात धरलेली गाडीची किंमत), तेच कव्हर असलेला दर मी नंतर ऑनलाइन काढला. 33,870 निघाला. म्हणजे 17,470 तिथे जास्त घेतले. त्यात किटचे 18,500 आणि हँडलिंगचे 9,500 मिळवा. 45,470 होतात. 40 हजार सोडल्यासारखं दाखवलं आणि 45 हजार काढून घेतले. हँडलिंग चार्जेस नावाचा कुठलाही सरकारी कर नाही. ती ओळ दिसली की तिथेच खोडायला लावा. इन्शुरन्स शोरूमचाच घ्या अशी सक्ती कुणी करू शकत नाही. "बाहेरचा घेतला तर कॅशलेस मिळणार नाही" असं मला सांगितलं, तेही खोटं होतं. कॅशलेस हे इन्शुरन्स कंपनी आणि गॅरेज यांच्यात ठरलेलं असतं.

मी अगदीच आंधळेपणाने गेलो नव्हतो. तीन शोरूम फिरलो होतो, भाव पाडून घेतला होता, वहीत आकडे मांडले होते. पण माझं सगळं लक्ष किमतीवर. नेमकी कुठली गाडी देताय, हे मी एकदाही विचारलं नाही. 26 तारखेला सेल्सवाल्याचा फोन आला, "सर, पाडव्याला गाडी हवी असेल तर आज बॅलन्स भरावा लागेल, पासिंगला वेळ लागतो." मी भरला. फॉर्मवर सह्या घेतल्या तेव्हा निम्मे रकाने कोरे होते. मी विचारलं, तर म्हणाला, "ते आमचं बॅक ऑफिस भरतं." बँकेचं लोन करताना सगळ्यांनीच अशा कोऱ्या कागदांवर सह्या केलेल्या असतात. मलाही त्यात वेगळं काही वाटलं नाही.

आता तो क्षण, ज्याच्यामुळे अजूनही रात्री झोपमोड होते. पाडव्याच्या दिवशी बायको पुढचं दार उघडून आत बसली आणि म्हणाली, "अरे, हे प्लॅस्टिक असं पिवळं का पडलंय?" सीटच्या कडेचं कव्हर खरंच पिवळट झालं होतं आणि बोट लावलं की तडकत होतं. मी वाकून पाहिलं. ब्रेकच्या डिस्कवर तांबूस गंज. टायरवर चार आकडे कोरलेले होते, 0924. ते मी डोळ्यांनी वाचले! 2024 सालचा नववा आठवडा. टायरवरची तारीख कशी वाचायची हे मला माहीत होतं, जुन्या गाडीचे टायर बदलताना शिकलो होतो. त्या मिनिटाला गाडी नको म्हणायला हवं होतं. टीम लीडर लगेच पुढे आला, "टायरचा स्टॉक जुना असतो सर, गाडी फ्रेश आहे." मागे बाबा नारळ घेऊन उभे, पुढचं कुटुंब फोटोसाठी ताटकळलेलं, गुरुजी घाई करतायत. मी गप्प बसलो. तसंही नोंदणी होऊन नंबर पडलेला होता, परत करणार तरी काय?

म्हणून पासिंगच्या आधी गाडी बघा. डिलिव्हरीच्या दिवशी बघून उपयोग शून्य. बॅलन्स भरण्याआधी चेसिस नंबर लेखी मागा. त्यात उत्पादनाच्या वर्षाचा कोड असतो आणि कुठल्या कंपनीचा कसा वाचायचा हे सहज सापडतं. यार्डात जाऊन गाडीवरचा नंबर स्वतः ताडून पाहा. देत नसतील तर उठा. फॉर्म 21 वर, म्हणजे डीलरच्या विक्री प्रमाणपत्रावर, उत्पादनाचा महिना आणि वर्ष असा रकानाच आहे. तो भरलेला असल्याशिवाय पेन उचलू नका.

मागच्या वर्षीची गाडी विकणं हा गुन्हा नाही, हे मलाही कळतं. ती तसं सांगून विकतात आणि डिस्काउंट घसघशीत देतात. माझ्याकडून मात्र चालू वर्षाच्या गाडीचे पैसे घेतले. जुन्या गाड्यांच्या दोन व्यवहारवाल्यांना विचारलं. दोघांनीही उत्पादन वर्षामुळे 70 हजार कमी सांगितले.

मग सुरू झाल्या फेऱ्या. शोरूमचा मॅनेजर पहिल्या दिवशी चहा विचारून बोलला, दुसऱ्या दिवशी केबिनबाहेर पाऊण तास बसवलं, तिसऱ्यांदा "तुमची सही आहे ना?" एवढंच. कंपनीच्या कस्टमर केअरला पाच मेल केले, पाचही वेळा उत्तर एकच, की डीलरशी संपर्क करा. पोलीस चौकीत साहेबांनी कागद हातातसुद्धा घेतले नाहीत. "हे दिवाणी मॅटर आहे, इथे काही होणार नाही." मी म्हटलं, लेखी द्या. त्यावर "आम्हाला कायदा शिकवू नका." आरटीओत दोन खिडक्या, तीन दिवस रजा, आणि शेवटी उत्तर काय, तर आरसीवर वर्ष बरोबर छापलंय, मग तुमची तक्रार कशाची? अहो, तक्रार हीच की ते बरोबर छापलेलं वर्ष मला पैसे भरून झाल्यावर कळलं! प्रत्येक जण मला पुढच्या टेबलाकडे ढकलत होता आणि प्रत्येकाच्या बोलण्याचा रोख एकच, तुम्ही शिकलेले, तुम्हाला कळलं नाही? ज्यांनी फसवलं त्यांना हा प्रश्न एकानेही विचारला नाही.

ग्राहक आयोगाची वाट तेवढी उरते. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दहा लाखांपर्यंत 200 रुपये, वीस लाखांपर्यंत 400. ऑनलाइनही दाखल करता येते, वकील हवाच असं नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा. सेल्सवाल्याशी फोनवर जे बोलाल ते लगेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, म्हणजे पुरावा राहतो. माझ्याकडे "2025 ची गाडी" असं लिहिलेला एकही मेसेज नाही, सगळं तोंडी. तरी मी तक्रार दाखल केली आहे, पहिली तारीख पडायची आहे.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते रोज सकाळी फडकं घेऊन गाडी पुसतात. आरसी मी माझ्या पाकिटात ठेवतो.