औषध पाजलेलं लाकूड

सोलापुरात कुणी जुन्या वाड्याचं सागवान "औषध पाजलेलं आहे" म्हणून जास्त भावानं देत असेल, तर पैसे मोजण्याआधी माझ्यावर काय वेळ आली ते वाचा.

आईसाठी देव्हारा करायचा होता. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उरकल्यावर एका वखारीत गेलो. पाडलेल्या माळवदांच्या तुळया, चौकटी, फळ्या रचून ठेवल्या होत्या. दोन-तीन फळ्यांवर बारीक भोकं दिसली म्हणून विचारलं. वखारवाला म्हणाला, "काका, किडा कवाच मेलाय. आपल्या सोलापूरच्या उन्हात जगतोय होय? वर औषध पण पाजलंय." त्या औषधाचे वेगळे अडीच हजार घेतले. बिलावर नुसतं 'प्रक्रिया केलेले सागवान'. कुठलं औषध, कधी मारलं, काही नाही. फळ्यांना रॉकेलचा वास होता आणि कडा काळपट, तेलकट. जुनेपणा दिसावा म्हणून मी त्या कडांना रंधाही लावला नाही, तसंच पॉलिश केलं.

मृगाचा पाऊस झाला आणि निरांजनाशेजारी पिवळसर पीठ पडू लागलं. आईला वाटलं, चंदनाची पूड सांडतेय. ती रोज पुसायची, सकाळी पुन्हा तेवढंच. चिमटीत धरलं तर अंगाला लावायच्या पावडरीसारखं मऊ.

ओळखीच्या सुतार मिस्त्रींनी पटाशीनं एक कड खरवडली. काळ्या रंगाखाली पांढरट लाकूड निघालं, भोकांत मेण भरलेलं होतं. आणखी जोर दिला तर पटाशी सरळ आत गेली. आत सगळं पीठ आणि त्यात पांढऱ्या अळ्या.

भोक बुजवल्यानं काहीच होत नाही, हे मला तेव्हा कळलं. आपल्याला दिसतं ते भुंगा बाहेर पडल्याचं भोक. मादी लाकडाच्या बारीक छिद्रांत अंडी घालते, अळी आतला स्टार्च खात महिनोन् महिने पोखरत राहते. सागवानाचा तपकिरी गाभा ती सहसा खात नाही, बाहेरचा पांढरट भाग खाते. म्हणूनच तो भाग काळा केला होता. रॉकेल वरच्या वर उडून जातं. आणि ऊन म्हणाल तर अळी मरायला लाकडाच्या अगदी आतपर्यंत साधारण ५५ अंश तापमान तासभर तरी टिकावं लागतं. मे महिन्यात आपला पारा ४३-४४ वर गेला तरी जाड फळी आतून तेवढी तापत नाही. त्याला भट्टीच हवी.

तेव्हा घेतानाच विक्रेत्यासमोर एक कड तासून मागा. पांढरट पट्टा असेल तर तो कापून टाकायचा हिशेब धरा. लाकूड घरी आणलं की काळ्या कापडावर काही आठवडे वेगळं ठेवा. ताजी, फिकट पूड पडली तर किडा जिवंत आहे. औषध घरीही करता येतं. बोरिक ॲसिड एक भाग, टाकणखार (बोरॅक्स) दीड भाग, गरम पाण्यात विरघळवून कोऱ्या लाकडाला दोन-तीन हात द्यायचे आणि ते आत मुरावं म्हणून काही दिवस प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचं. हातमोजे घाला, लहान मुलांपासून लांब ठेवा. रंग-पॉलिश असलेल्या लाकडात हे मुरत नाही, आधी सगळं खरवडावं लागतं. पावसात भिजणाऱ्या वस्तूला उपयोग नाही, धुऊन जातं.

मी बिल घेऊन वखारीत परत गेलो. "लाकूड म्हटल्यावर किडा येणारच की," एवढंच उत्तर मिळालं. पैसे गेले. पण देव्हाऱ्यात ठेवलेल्या देवांवर रोज ते पीठ पडत होतं आणि आई ते हातानं पुसत होती, याचा राग अजून जात नाही.

पांढऱ्या कडा कापून, उरलेल्या फळ्यांना औषध देऊन त्या काळ्या कापडावर ठेवल्यात. तीन आठवडे काही पडलेलं नाही. तरी पुढचा पावसाळा सरल्याशिवाय देव त्यात ठेवणार नाही, असं आईला सांगितलंय.