बॅटल मॅट, आठ महिन्यांनंतर: तो लाल गोल अजून गेलेला नाही

काल रात्री सेशन संपलं, सगळे घरी गेले आणि मी ओलं फडकं घेऊन पुन्हा एकदा मॅट घासली. डिसेंबरात काढलेला लाल गोल जसाच्या तसा आहे. मॅट घेऊन आता आठ महिने झाले, म्हणून सविस्तर लिहायला बसले.

बॅटल मॅट म्हणजे खेळातल्या लढाईचा नकाशा पेनने काढून पुसता येईल अशी चटई, जास्त सांगत बसत नाही. व्हिनाइलची, साधारण २४ बाय २४ इंच, एका बाजूला इंचाचे चौकोन, मागच्या बाजूला षटकोन. किंमत कुरियर धरून २,६०० रुपये. आम्ही पाच जण दर शनिवारी कोथरूडला माझ्या घरी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ) खेळतो, मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारी. मॅट वर्गणी काढून घेतली. एकटीचे पैसे असते तर मी कदाचित सोडून दिलं असतं. पण चौघांनी माझ्या शब्दावर पाचशे-पाचशे रुपये दिले होते, आणि त्यातला एक अजून शिकतोय. म्हणून ही गोष्ट मला इतकी लागली.

झालं असं. आमची पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी) पाचव्या लेव्हलला पोचली आणि विझर्डला, म्हणजे जादूगाराला, पहिला फायरबॉल (आगीच्या गोळ्याचा मंत्र) मिळाला. त्याची त्रिज्या २० फूट. खेळात एक चौकोन पाच फुटांचा धरतात, म्हणजे मधल्या बिंदूपासून चारही बाजूंना चार-चार चौकोन, एकूण आठ इंचांचा गोल. मी तो लाल पेनने काढला, आत कोण कोण सापडलं ते मोजलं, सगळे ओरडले, रात्रीचा दीड वाजला. मॅट तशीच गुंडाळून ठेवली आणि पुढच्या शनिवारी उघडली. काळ्या भिंती, निळी नदी एका फडक्यात गेली. लाल गोल मात्र फिका गुलाबी होऊन तिथेच बसला.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "चुकीचं पेन वापरलंत, परत घेता येणार नाही." मी अप्पा बळवंत चौकातून ओएचपीचं (ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शक शीटवर लिहायचं) पेन आणलं होतं. ओएचपी पेनं दोन प्रकारची येतात, एक कायमचं आणि एक पाण्याने पुसलं जाणारं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेली असतात आणि टोपणं सारखीच दिसतात. माझं पाण्याचंच होतं. पेनचा फोटो पाठवला, बिल पाठवलं. पुढचे तीन आठवडे नुसती मेलामेली. त्या काळात मी कोणीही विचारलं तरी "ही मॅट घेऊ नका" असंच सांगत होते.

ते मत मी फेब्रुवारीत बदललं. चिडूनच का होईना, मॅटच्या एका कोपऱ्यात नीट प्रयोग केला. काळं, निळं, हिरवं, लाल, चारही पाण्याची पेनं, प्रत्येकाच्या तीन रेघा. पहिली तासाने पुसली, दुसरी दुसऱ्या दिवशी, तिसरी आठवड्याने. काळं आणि निळं आठवड्यानंतरही स्वच्छ गेलं. हिरव्याची किंचित सावली राहिली. लाल तासाने पूर्ण गेलं, दुसऱ्या दिवशी थोडं राहिलं, आठवड्याने अजिबात हललं नाही. म्हणजे मॅट खराब नव्हती आणि पेनही चुकीचं नव्हतं, वेळ चुकली होती. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात जे द्रव्य घातलेलं असतं, त्यात लाल रंग हळूहळू मुरतो. एकदा मुरला की वरून घासून काय उपयोग? मी तर स्पिरिटही लावून पाहिलं. ते अजिबात करू नका. गोल तर गेला नाहीच, त्या जागचे छापील चौकोन पुसट झाले आणि चकाकी गेली ती गेलीच.

तरीही विक्रेत्यावरचा माझा राग गेलेला नाही. "लाल रंग त्याच रात्री पुसा" एवढी एक ओळ पाकिटावर छापायला किती खर्च येतो?

मॅट सपाट बसत नाही अशी तक्रार बरेच जण करतात. आम्हाला तो त्रास फार झाला नाही, कारण ती आम्ही कॅरम बोर्डवर पसरतो. हे मनापासून सुचवते. पूर्ण आकाराच्या कॅरमचा आतला पृष्ठभाग २९ इंचांचा असतो, मॅट आरामात मावते, आणि चारही बाजूंची लाकडी चौकट फासे अडवते. त्यामुळे डाइस ट्रे नावाची वस्तू विकतच घ्यावी लागली नाही. आधी बोर्डवरची पावडर मात्र नीट पुसून घ्या, नाहीतर ती मॅटच्या खालच्या बाजूला चिकटते आणि दुसऱ्या दिवशी सोफ्यावर सापडते.

फाशांबद्दल थोडक्यात. सुरुवातीच्या काळात ही चैन नव्हतीच. डी अँड डी १९७४ ला आलं, आणि १९७९ मध्ये फाशांचा तुटवडा पडला तेव्हा बेसिक सेटच्या खोक्यात आकड्यांच्या चिठ्ठ्या घालून विकत होते. आज चारशे रुपयांना सात फाशांचा चांगला अ‍ॅक्रिलिकचा सेट मिळतो, तो पुरे. रंग बघून घेऊ नका, आकडे वाचता येतात का ते बघा. माझा जांभळ्या संगमरवरी छटेचा सेट सोनेरी आकड्यांमुळे रात्री पिवळ्या दिव्यात कोणालाच वाचता येत नाही, तो कपाटात पडून आहे. धातूचे फासे एकाने हौसेने आणले होते. खालच्या मजल्यावरच्या काकू दुसऱ्याच शनिवारी वर आल्या. काकूंचं बरोबर होतं, त्यांच्या घरी तान्हं बाळ आहे. आणि सातांच्या सेटमध्ये डी६ (सहा बाजूंचा फासा) एकच असतो, फायरबॉलला आठ लागतात. ते किराणा दुकानातले साधे ल्युडोचे फासे घ्या, दहा-दहा रुपयांचे.

मिनी, म्हणजे पात्रांच्या छोट्या मूर्ती, त्याही आम्ही विकत घेतल्या नाहीत. मिनीचा तळ साधारण २५ मिलिमीटरचा असतो, म्हणजे एक चौकोन. कॅरमच्या सोंगट्या आधी वापरून पाहिल्या, पण त्या तीन सेंटिमीटरच्या, शेजारच्या चौकोनात घुसतात आणि कोण कोणाच्या बाजूला उभं आहे यावरून भांडणं होतात. मग घरातली नाणी पट्टीने मोजली. दोन रुपयांचं एक जुनं नाणं बरोबर २५ मिलिमीटर भरलं. त्यावर जाड कागदाची चित्रं उभी चिकटवली. आठ महिने चालताहेत, एकही पडलं नाही.

डीएम स्क्रीन (डीएमचे कागद खेळाडूंपासून झाकणारा आडोसा) पुठ्ठ्याची घेतली होती. जूनमध्ये पाऊस लागला आणि पंधरा दिवसांत ती वाकडी झाली. आता दोन जुन्या बॉक्स फाइली उभ्या करते, आतून तक्ते चिकटवलेत.

खरा फरक पडला तो एप्रिलमध्ये. नावाच्या पाट्या करणाऱ्या दुकानातून दोन मिलिमीटर जाडीची पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची शीट कापून घेतली, २८ बाय २८ इंच, कडा घासून, साडेसातशे रुपयांत. कॅरमच्या चौकटीत ती बसते, बाजूंना बोट घालून उचलण्याइतकी जागा उरते आणि भोकंही बरीच झाकली जातात. आधी डी४ हमखास जाळीत जायचा. खाली ड्रॉइंगच्या दोन शीट जोडून पेन्सिलीने इंचाचे चौकोन आखले. २८ गुणिले २८, ७८४ चौकोन. दोन दुपारी गेल्या त्यात, पण आता गुहा वेगळ्या शीटवर, किल्ला वेगळ्या शीटवर, हवी ती सरकवायची. वर पाण्याच्या पेनने काढायचं, ओल्या फडक्याने पुसायचं. लाल आठवडाभर ठेवून पाहिला, गेला. स्पिरिट इथेही नको, अ‍ॅक्रिलिकला त्याने बारीक तडे जातात. त्रास एकच, ट्यूबलाइटची तिरीप डोळ्यांवर येते. दिवा भिंतीकडे वळवला की चालतं.

म्हणजे मॅट वाया गेली का? मे महिन्यापर्यंत मी हो म्हणाले असते. पण जूनमध्ये एका मैत्रिणीकडे वारज्याला खेळायचं ठरलं. अठ्ठावीस इंचांची काचेसारखी शीट पावसात स्कूटरवर कशी नेणार? मॅट गुंडाळली, छत्रीच्या पिशवीत घातली आणि निघाले. बाहेर खेळायला तिच्याइतकी सोयीची वस्तू दुसरी नाही, हे आता मान्य करते. घरीच खेळत असाल तर मात्र २,६०० रुपये घालू नका, शीट कापून घ्या.

लाल पेन मी मॅटसोबत ठेवणंच बंद केलंय. फायरबॉलसाठी आईने लाल लोकरीचा दोरा दिला. आठ इंचांच्या गोलाला २५ इंच दोरा लागतो, गाठीपुरता थोडा जास्त घेतला. वारज्याला विझर्डने पुन्हा फायरबॉल टाकला. मी दोरा मॅटवर पसरला, तो जुन्या गोलाच्या शेजारीच पडला. वार संपल्यावर उचलून खिशात घातला.