ट्यूब पिळायची क्लिप, चावी न रोलर: कोणतं कोणत्या ट्यूबला घ्यावं

ट्यूब दाबायचा रोलर घेऊ का असं मला बरेच जण विचारतात तर माझं सरळ म्हणणं आहे, ॲल्युमिनियमच्या ट्यूबा रोजच्या रोज वापरत असाल तर घ्याच, नुसत्या टूथपेस्टसाठी घेत असाल तर स्वस्तातली क्लिप पुरते, आणि फेसवॉशसाठी घेत असाल तर यातलं काहीच घेऊ नका. ऑनलाइन या वस्तूंखाली जे रिव्ह्यू असतात ना ते 'मस्त आहे' नाहीतर 'पैसे वाया' एवढेच असतात, कोणती ट्यूब लावली ते कोणी सांगतच नाही, आणि सगळं तर त्याच्यावरच आहे म्हणून जरा सविस्तर लिहून राहिली.

माझं अमळनेरला पार्लर आहे. हेअर कलरच्या साठ ग्रॅमवाल्या ट्यूबा आमच्याकडे सारख्या लागतात, लग्नसराईत तर विचारूच नका, न त्या सगळ्या ॲल्युमिनियमच्या असतात. त्याला कारण आहे. हेअर कलरच्या क्रीमला हवा लागली की ते काळं पडायला लागतं, वाटीत काढून ठेवलं तर थोड्या वेळात वरचा थर बदललेला दिसतो, आणि ॲल्युमिनियमची ट्यूब जिथे दाबली तिथे दबलेलीच राहते त्यामुळे आत हवा ओढली जात नाही. टूथपेस्टची ट्यूब दाबून सोडली की परत फुगते न तेवढी हवा तोंडातून आत घेते, पेस्टला त्याने काही होत नाही पण कलरची अर्धी ट्यूब तशी ठेवली तर पुढच्या वेळेला शेडची खात्री देता येणार नाही.

म्हणून आधी एक बघा, घरातली ट्यूब कशाची आहे. शेपटीकडचा कोपरा दुमडा आणि सोडून द्या. दुमडलेला तसाच राहिला तर ॲल्युमिनियम, हळूहळू उघडला तर लॅमिनेट म्हंजे प्लास्टिकच्या थरांमधे पातळ ॲल्युमिनियम असतं ती (आजकाल नुसत्या प्लास्टिकच्या पेस्टच्या ट्यूबा पण यायला लागल्या आहेत, त्या पण अशाच उघडतात), आणि दुमडायलाच जड गेलं न टणकन उलटला तर जाड प्लास्टिक, फेसवॉश न सनस्क्रीनवाली. आपल्या लहानपणी टूथपेस्ट पण ॲल्युमिनियमच्या ट्यूबमधे यायची, शेवटी शेवटी तिची घडी घालत घालत आणायचो आणि ती घडी टिकायची, आता लॅमिनेट आल्यापासून घडी टिकत नाही म्हणून तर क्लिप लागते.

आता एकेक वस्तू.

प्लास्टिकची सरकवायची क्लिप. चार-पाचचं पाकीट शंभर रुपयांच्या आसपास मिळतं. मधे फट असते, ट्यूबची शेपटी त्यात घालायची न क्लिप वर वर सरकवत न्यायची. ही काय करते तर मागे गेलेला माल पुढे आणते आणि परत मागे जाऊ देत नाही, बस. लॅमिनेटला तेवढंच पाहिजे असतं. घरी बाथरूममधे हीच लावलेली आहे आणि मी खुश आहे. पण घेताना फट बघून घ्या, काही क्लिपांची फट मधे फाकते, दोन्ही कडांना घट्ट आणि मधे सैल, मग पेस्टचा एक पट्टा मधोमध राहून जातो. मोठ्या फॅमिली पॅकची शेपटी तर कित्येक क्लिपांमधे जातच नाही, रुंदी आधी मोजा. न खिडकीत उन्हात ठेवू नका, आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा जातो, स्वस्त प्लास्टिक त्या उन्हात ठिसूळ होतं आणि एक दिवस सरकवता सरकवता कट्कन तुटतं, माझ्या पहिल्या पाकिटातल्या दोन अशाच गेल्या. त्या दिवसांत पेस्ट स्वतःच पातळ झालेली असते तेव्हा क्लिप जोरात सरकवली की ब्रशच्या ऐवजी बेसिनमधे पडते, म्हणून उन्हाळ्यात हात जरा हलका ठेवा.

माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा क्लिप बघितली तेव्हा हातात घेऊन म्हणाल्या "हाई काय शे वं?" त्यांची बोटं आखडतात, सकाळी तर मूठ नीट वळत नाही, आणि गुडघ्याला लावायच्या मलमाची ट्यूब त्यांना दाबताच यायची नाही, कोणी घरात नसलं की तशाच बसून राहायच्या पण सांगायच्या नाहीत. त्या ट्यूबला क्लिप लावून दिली. आता टेबलावर ट्यूब आडवी ठेवून तळहाताने क्लिप पुढे ढकलतात, बोटांना जोर लागतच नाही. माझ्या मते या शंभर रुपयांच्या वस्तूचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे, दोन ग्रॅम पेस्ट वाचली की नाही ते सोडा, एका म्हाताऱ्या माणसाला आपलं औषध आपल्या हाताने लावता येतं. घरात संधिवाताचं कोणी असेल तर दुसरा विचार न करता आणून द्या, फक्त तळहात पूर्ण टेकेल अशी रुंद पाठीची बघा, त्या नाजूक कासव न बदकाच्या आकाराच्या असतात त्या नको.

चावी. ही मला आमच्या मोठ्या दिरांमुळे कळली. ते धुळ्याला शाळेत ड्रॉइंगचे सर आहेत, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवतात न घरी स्वतःचं ऑइल पेंटिंग चालू असतं. रंगाच्या ट्यूबा ॲल्युमिनियमच्या, न पांढरा सगळ्यात लवकर संपतो म्हणून त्यांच्या पांढऱ्याच्या ट्यूबला कायम ही चावी लटकलेली. स्टीलची काडी, मधे चीर, एका टोकाला धरायला कडी. शेपटी चिरेत घालायची न फिरवत जायचं, ट्यूब गुंडाळत येते. मी विचारलं भाऊजी हे कुठून आणलं तर त्यांनी मला ट्यूबचा पूर्ण इतिहासच सांगितला, की ही दाबायची ट्यूब मुळात दात घासायला निघालेलीच नाही, जॉन रँड नावाचा एक अमेरिकन चित्रकार लंडनमधे राहायचा त्याने १८४१ मधे कथिलाच्या ट्यूबचं पेटंट घेतलं ते रंग भरायला, त्याच्या आधी चित्रकार लोक तेलातला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवायचे न टोचून काढायचे, मग ती पिशवी गळायची नाहीतर रंग सुकायचा. ट्यूब आल्यावर रंग घेऊन बाहेर शेतात, नदीवर जाऊन चित्र काढणं सोपं झालं. कोलगेटची पेस्ट ट्यूबमधे आली ती १८९६ ला, म्हंजे रंगानंतर पंचावन्न वर्षांनी. मला हे ऐकून फार छान वाटलं, कारण कलर वाया जाऊ नये न सुकू नये हीच तर माझी पण रोजची काळजी आहे.

तर चावी ॲल्युमिनियमला एक नंबर. साठ-सत्तर रुपयांत येते न तुटायला काही नाहीच तिच्यात. मी हेअर कलरच्या ट्यूबला लावली तेव्हा मुद्दाम वजनकाटा मांडून बघितलं (कलर न त्यात मिसळायचं डेव्हलपर मोजायला छोटा डिजिटल काटा असतोच आमच्याकडे), पार्लरमधल्या मुलींनी संपली म्हणून बाजूला टाकलेल्या ट्यूबमधून चार-पाच ग्रॅम निघाले. तुम्ही म्हणाल चार ग्रॅमने काय होतं, पण नुसत्या मुळांच्या टचअपला साधारण अर्धी ट्यूब लागते, तेव्हा दर ट्यूबमागे एवढं वाचलं तर महिन्याकाठी टचअप निघतातच आणि मुख्य म्हंजे कपाळावरच्या शेवटच्या बटांना कलर कमी पडला म्हणून नवी ट्यूब फोडावी लागत नाही. लॅमिनेटला मात्र चावी लावू नका, हात सोडला की गुंडाळलेलं सगळं उलगडतं, कपड्याचा चिमटा लावून धरून ठेवावं लागतं.

चावीचा एक धोका आहे तो नीट वाचा. ॲल्युमिनियमच्या ट्यूबची शेपटी दोनदा-तीनदा दुमडून दाबलेली असते, तो भाग जाड असतो, तिथूनच जोरात गुंडाळायला घेतलं की पहिल्या घडीच्या टोकाला चीर पडते. पहिले दोन वेढे हळू घ्या, ट्यूब सपाट करून मग घ्या. एकदा दुमडलेली घडी परत उलटी दुमडली तर तिथे फाटायची भीती असते. आणि थंडीत, आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत सकाळी चांगलाच गारठा असतो, तेव्हा क्रीम घट्ट झालेलं असतं, बोरोलीनसारखं तर दगडच होतं, तेव्हा चावी फिरवली तर माल तोंडातून यायच्या आधी बाजूने फुटतो. आधी ट्यूब दोन मिनिटं मुठीत धरून गरम करा.

आता रोलर, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. लोखंडी नाहीतर ॲल्युमिनियमच्या बॉडीचा, दोन दातेरी रोलर न बाजूला फिरवायची मूठ, रसवंतीवरच्या चरकातून ऊस जातो तशी ट्यूब त्यातून जाते न मागे एकदम चपटी पट्टी होऊन निघते. चारशेपासून सातशेपर्यंत किंमत बघितली, मी घेतला तो पाचशेच्या आतबाहेर. पार्लरसाठी घेतलेल्या लहान वस्तूंमधे याच्याएवढी कामाची दुसरी नाही. चावीने जे निघतं त्याच्याहून थोडं जास्तच निघतं पण खरा फरक वेगाचा आहे, एका हातात ग्लोव्ह घातलेला, क्लायंट खुर्चीत बसलेली, तेव्हा चावी गुंडाळत बसायला वेळ नसतो, रोलरला मूठ फिरवली की पाहिजे तेवढंच क्रीम वाटीत पडतं न काट्यावर बरोबर ग्रॅमला थांबता येतं. माझ्याकडे शिकायला असलेल्या मुलींची बोटं दुखायची ती थांबली. शिवाय दबलेला भाग पूर्ण चपटा असल्याने उरलेली ट्यूब खरंच तेवढीच राहते, आत हवा नाही.

घेताना दोन गोष्टी बघा. रोलरवर दाते पाहिजेत, गुळगुळीत रोलर असेल तर ओल्या हाताने किंवा क्रीम लागलेली ट्यूब जागच्या जागी घसरते. दुसरं म्हंजे आतला रोलर कशाचा आहे. आमच्याकडे बोअरचं जड पाणी, धुतलं की पांढरे डाग धरतं, न नुसत्या पॉलिशवर चमकणारा स्वस्त रोलर पाण्यात राहिला की कडेने गंजायला लागतो. मी पाण्याखाली धरतच नाही, ओल्या कपड्याने पुसते, कोरडा करते न मधून मधून मुठीच्या दांड्याला मशीनच्या तेलाचा एक थेंब.

शेपटीची जाड घडी रोलरच्या मधून जात नसेल तर जोर लावू नका, घडीच्या जरा पुढून अडकवा. आणि काहीही वापरा, गळ्यातला माल कोणालाच काढता येत नाही, लॅमिनेटच्या ट्यूबचा खांदा कडक प्लास्टिकचा असतो, तिथे ना क्लिप जाते ना रोलर. टूथपेस्ट असेल तर त्याला कात्री. औषधाच्या मलमाला मात्र कापाकापी नको, उघड्या ट्यूबमधे बोट घालून परत दुसऱ्या दिवशी तेच वापरायचं हे मला बरोबर वाटत नाही. हेअर कलरचं तर सांगितलंच.

फेसवॉशच्या जाड ट्यूबला क्लिप लावली तर क्लिपच उडते, रोलरमधून ती पुढे सरकत नाही. ती झाकणावर उलटी उभी ठेवा, शेवटी कापा.

कोणी विचारेल की लाटणं फिरवलं, कंगव्याची पाठ फिरवली तरी निघतंच की मग विकत कशाला. निघतं, आणि घरात महिन्याला एक पेस्ट संपत असेल तर तसंच करा, मला त्यात काही कमी वाटत नाही. पण ज्यांचं कामच ट्यूबवर आहे, सलूनवाले, चित्र काढणारे, गॅस्केट पेस्ट वापरणारे गॅरेजवाले, त्यांनी पाचशे रुपये इथे घालावेत असं मी मनापासून सांगते. अजून एक, ॲल्युमिनियमची रिकामी चपटी ट्यूब आमचा भंगारवाला घेतो, लॅमिनेटवाली घेत नाही कारण त्यातले थर एकमेकांना चिकटवलेले असतात, सहज वेगळे करता येत नाहीत.

माझ्या रोलरला एकच कमी आहे, तोंड अरुंद, मोठी रुंद ट्यूब जात नाही. जळगाव-धुळ्याकडे कोणाला रुंद रोलरवाला, दातेरी, पूर्ण स्टीलचा दुकानात हातात घेऊन बघता येईल असा मिळाला तर मला दुकान सांगा, पार्लरसाठी दुसरा घ्यायचाच आहे आणि भाऊजींना पण एक पाहिजे.