स्पर्शिकेचा चढ: वाय सुटा करायचा की तसाच ठेवायचा?

वर्तुळाला एका बिंदूत टेकणाऱ्या रेषेचा, म्हणजे स्पर्शिकेचा चढ काढायचा म्हटलं की लातूरच्या क्लासमधली पोरं आधी वाय सुटा करायला, म्हणजे एका बाजूला एकटा आणायला धावतात. एक्स² + वाय² = २५, बिंदू (३, ४). मग वाय = √(२५ − एक्स²), त्यावर चेन रूल (फलनात फलन असेल तर डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, काढायचा नियम), चढ −३/४. उत्तर बरोबरच. पण बिंदू (३, −४) दिला की वर्गमुळाला ऋण चिन्ह द्यायचं राहतं अन् ३/४ ऐवजी पुन्हा −३/४ लिहून मोकळे!

वाय तसाच ठेवून दोन्ही बाजूंचं डेरिव्हेटिव्ह घेतलं तर चढ −एक्स/वाय. दोन ओळी, चिन्हाची कटकट नाही. (५, ०) ला छेद शून्य, म्हणजे स्पर्शिका उभी.

खरी कसोटी एक्स³ + वाय³ = ६·एक्स·वाय मध्ये. याच जातीचा वक्र गणितज्ञ देकार्तने १६३८ मध्ये दुसरा गणितज्ञ फर्मा याच्यापुढे आव्हान म्हणून टाकला होता. इथं वाय सुटा करायचा म्हणजे घनसमीकरण सोडवा. कोण करत बसणार? वाय तसाच ठेवून चढ (२·वाय − एक्स²)/(वाय² − २·एक्स), म्हणून (३, ३) ला −१. (०, ०) ला मात्र ०/० येतं, कारण तिथं वक्र स्वतःलाच छेदतो.

सीईटीत गणिताला ९० मिनिटांत ५० प्रश्न. मी तर वाय तसाच ठेवायची पद्धत धरीन. वाय आधीच सुटा दिला असेल तर हा खटाटोप कशाला, सरळ नियम लावा.