स्किनर की चॉम्स्की: मूल भाषा शिकतं कसं?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५७ साली मांडलं, की भाषा ही जडवलेली सवय आहे. बाळ 'पाणी' म्हणतं, पाणी मिळतं, शब्द पक्का होतो. हे समजायला बाळाच्या मनात डोकवायची गरजच नाही. १९५९ मध्ये भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी यावर कडाडून टीका केली. त्यांच्या मते व्याकरणाची घडण माणूस जन्मतःच घेऊन येतो.

मला चॉम्स्की जवळचे वाटतात. माझी अडीच वर्षांची भाची रिकामा पेला उलटा धरून सांगते, 'मावशी, मी करलं!' घरात 'करलं' कुणीच म्हणत नाही. 'धरलं', 'भरलं' ऐकून नियम तिनेच काढलाय. नुसती नक्कल असती तर 'केलं' आलं असतं. यातून जन्मजात व्याकरण सिद्ध होत नाही, हे खरं. पण निव्वळ सवयीने 'करलं' कसं सुचेल?

स्किनर अगदीच मोडीत निघत नाहीत. पाहुण्यांना नमस्कार म्हणणं कौतुकानेच रुजतं.