मालवणची प्रायव्हेट बोट: एका सीझनमध्ये चार फेऱ्या मारल्यानंतर

सध्या समुद्र बंद आहे. दरवर्षी २६ मे ते ३१ ऑगस्ट वॉटर स्पोर्ट्स बंद असतात, त्यामुळे निवांत बसून लिहितेय. मी कुडाळची. मालवण आमच्यापासून तासाभरावर, त्यामुळे घरी पाहुणे आले की त्यांना मालवण दाखवणं हे माझ्याच गळ्यात पडतं. गेल्या ऑक्टोबर ते मे या काळात आम्ही अर्ध्या दिवसाची प्रायव्हेट बोट चार वेळा केली. डॉल्फिन, मग सिंधुदुर्ग किल्ल्यामागे स्नॉर्कलिंग (मास्क आणि नळी लावून तरंगत पाण्याखाली बघायचं), मग परत. चारातली एक फेरी अप्रतिम, एक बरी, एक फुकट गेली आणि एकीत आम्ही चक्क फसलो. बोट बहुतेक तीच, समुद्र तोच, मग फरक कशाने पडला ते सांगते, कारण आधी मला हे कोणीच सांगितलं नव्हतं.

फसलो ती पहिली. ऑक्टोबरच्या शेवटी, ताई आणि भावोजी पुण्याहून आले होते, भाची सोबत. भावोजींनी कुठेतरी रील बघितलेलं, निळंशार पाणी, माणसं कासवाशेजारी पोहतायत, डुकरं पोहतायत, काय काय. आता डुकरांबरोबर पोहायचं असेल तर बहामाला जावं लागतं, मालवणात डुक्कर पाण्यात दिसलं तर लोक पंचायतीत तक्रार करतील. पण फोनवर बोटवाला म्हणाला सगळं दाखवतो, चार तास, व्हिडिओ फ्री. ७,००० ठरले. प्रत्यक्षात अडीच तासात धक्क्यावर परत. पाणी चहासारखं. पावसाळ्यानंतर खाड्यांचं गढूळ पाणी नुकतंच बसायला लागलेलं असतं, हे त्याला माहीत नसणार असं शक्यच नाही. वर त्याच्या पोराने नांगर सरळ खडकावर फेकला, खाली प्रवाळ आहे की काय आहे बघितलंही नाही, आणि पावाचा पुडा फोडून पाण्यात कुस्करला म्हणजे मासे जमतील. जमले, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे पंधरावीस. पावाची पिशवी वाऱ्याने उडाली ती गेलीच. फ्री व्हिडिओ आठ दिवसांनी आला, त्यात दुसरीच फॅमिली होती. नाव लिहीत नाही, पण तिथे परत गेलो नाही.

दुसरी फेरी डिसेंबरमध्ये, ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या ओळखीने एका तांडेल काकांबरोबर, तांडेल म्हणजे बोट चालवणारा म्होरक्या. फायबरची साधी बोट, वर ताडपत्रीचं छप्पर, आठ माणसं बसतील एवढी, आम्ही पाच. हे काका मला आवडले ते पहिल्याच फोनवर. मी तारीख सांगितली, तर पैशांचं बोलायच्या आधी म्हणाले, "बाय, त्या दिवशी तिथ काय आसा ती बघितलंस?" मी म्हटलं काका आम्हाला रविवारच जमतो. तर म्हणाले बरां, येवा, पण मग पाण्यात काय दिसला नाय तर माका बोलू नको.

तर हे तिथीचं प्रकरण मला चाळीस वर्षं कोकणात राहून माहीत नव्हतं, माझ्या आजोबांना नक्की माहीत असणार. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, साधारण त्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी म्हणजे आठाची पाऊणपट सहा, सहाला भरती. पौर्णिमा पंधरावी, म्हणजे सव्वाअकरा. शुद्ध असो वद्य असो, हिशोब तोच, थोडं मागेपुढे होतं. आता स्नॉर्कलिंगला याचा काय संबंध, तर भरती येते तेव्हा बाहेरचं स्वच्छ पाणी आत येतं आणि ओहोटीला खाडीचा गाळ बाहेर निघतो. म्हणून पूर्ण भरतीच्या आसपासचा तास पकडायचा. पण पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाण्याला ओढ जास्त, अष्टमीला भांगाचं पाणी, ओढ कमी. आणि तिसरी गोष्ट वारा. सकाळी जमिनीवरून मतलई वाहतो तोवर समुद्र ताटासारखा असतो, अकराच्या पुढे खारा वारा सुटला की लाटा चालू. हे सगळं जुळवायचं म्हणजे काकांच्या मते एकादशी-द्वादशी, भरती सव्वाआठ ते नऊ, उधाण अजून पुरतं चढलेलं नाही, वारा अजून उलटलेला नाही. एकादशीला मासे फक्त बघायचे, खायचे नाहीत, हा विनोद मी तेव्हापासून निदान दहा जणांना ऐकवलाय.

आमचा डिसेंबरचा रविवार निघाला नवमी. भरती पावणेसातला होऊन गेली, आम्ही पाण्यात उतरलो साडेनऊला, बरं दिसलं, फार नाही. ही बरी फेरी.

तिसरी फेब्रुवारीत, एकादशी धरून, मी आणि माझ्या नवऱ्याने सुट्टी टाकली, ताई-भावोजी खास आले (भावोजी खरं तर येणार नव्हते, ऑक्टोबरचा राग होता). पावणेसातला धक्क्यावरून निघालो, अजून पुरतं उजाडलंही नव्हतं. तारकर्लीच्या पुढे देवबागच्या दिशेने गेलो आणि काकांनी इंजिन बंद केलं. नुसतं बंद. बोट आपोआप हलतेय, कोणी बोलत नाही, ताईला वाटलं पेट्रोल संपलं. "गप रवा, ते येतले." दहा मिनिटं काहीच नाही. मग मागून फुस्स असा आवाज, म्हणजे आधी आवाज आणि मग पाठ दिसली, राखाडी, पाठीवर उंचवटा आणि त्या उंचवट्यावर छोटा पर. आपल्या किनाऱ्याजवळ दिसतात ते बहुतेक हेच, कुबडवाले डॉल्फिन, सिनेमातल्यासारख्या उड्या फारशा मारत नाहीत. मग डावीकडे आणखी एक, त्याच्या अंगाला चिकटून एक अगदी लहान. पंधरा मिनिटं ते आमच्या आजूबाजूला होते, श्वास ऐकू येत होता इतके जवळ. आणि मग दोन शेअरिंगच्या बोटी भर्रकन आल्या, त्यांच्यावर पोरं शिट्ट्या मारतायत, एक बोट सरळ डॉल्फिनच्या पुढ्यात घातली, आणि संपलं, ते परत वर आलेच नाहीत.

त्याआधी भावोजींनी विचारून घेतलंच, मी उडी मारू का पाण्यात. काका शांतपणे म्हणाले, "मारा. डॉल्फिन जातले आणि तुम्ही रवतलात."

हे मुद्दाम लिहितेय कारण हल्ली बरेच लोक फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतात, डॉल्फिनबरोबर पोहता येतं का. नाही. डॉल्फिन, समुद्री कासवं, प्रवाळ हे सगळे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत, पाठलाग करणंसुद्धा गुन्हा. आणि किल्ल्याच्या आजूबाजूचं पाणी हे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, साधारण २९ चौरस किलोमीटर. हे मला शाळेत असल्यापासून ऐकून माहीत होतं पण तिथे पोहायला जाईपर्यंत कधी डोक्यात शिरलं नव्हतं. कोणी बोटवाला "पोहायला देतो" म्हणाला तर एकतर तो थापा मारतोय किंवा खरंच बोट अंगावर घालणार आहे, दोन्ही वाईट.

सव्वाआठला सिंधुदुर्गाच्या मागे, समुद्राकडच्या बाजूला. जेटीवरून सगळे किल्ल्याचा दरवाजा बघतात, मागची बाजू बघायला बोटच लागते. १६६४ मध्ये बांधायला घेतलेली भिंत, पायथ्याला खडकांची रांग आणि त्या खडकांवर पाण्याखाली प्रवाळ. काकांनी नांगर वाळूचा पट्टा बघून टाकला, काचेच्या तळाचा डबा पाण्यावर धरून आधी खाली बघितलं, मग टाकला. मला तो डबाच इतका आवडला. पत्र्याच्या डब्याचा तळ काढून काच बसवलेली, बाकी काही नाही.

आता पाण्याखालचं. मालदीव डोक्यात घेऊन जाऊ नका. इथलं प्रवाळ म्हणजे दगडावर चिकटलेले गोलसर, तपकिरी, हिरवट-पिवळट गोळे, काहींवर मेंदूसारख्या रेघा, फांद्या-बिंद्या नाहीत. पहिली पाच मिनिटं मला हे नुसते दगडच वाटले. मग डोळा बसतो. पट्टेवाले मासे, फुलपाखरासारखे चपटे पिवळे, एक पोपटमासा खडक खरवडत होता आणि त्याचा कर्रकर्र आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो, हे मला कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. कपारीत एक गोबरा तोंड बाहेर काढून बसलेला, बाजारात पाटीत बघतो तोच, पण इथे तो आमच्याकडे असा बघत होता की मला ओशाळल्यासारखं झालं. काळे काटेरी सी-अर्चिन (समुद्रातली साळिंदरं म्हणा) भरपूर, म्हणून पाय टेकवायचा नाही, ते तुमच्यासाठी आणि प्रवाळासाठीही. प्रवाळ जिवंत प्राणी आहे, वर्षाला जेमतेम बोटाच्या एखाद्या पेरापेक्षाही कमी वाढतो, आणि लोक त्यावर उभे राहून सेल्फी काढतात.

पाण्यात एकूण पन्नास मिनिटं होतो. शेअरिंगमध्ये ट्यूब धरून दहा मिनिटं ओढतात आणि पुढचा नंबर. प्रायव्हेटचे जास्तीचे पैसे मोजायचे ते या वेळेसाठी, आणि त्याहून जास्त म्हणजे इंजिन बंद करून थांबता येतं यासाठी. बसायला गाद्या, स्पीकर, गार सरबत, त्यासाठी नाही. आम्ही ६,५०० दिले चौघांत, जड वाटतात, पण आठ जण असाल तर माणशी फार फरक राहत नाही.

मास्कचं थोडं सांगते. मला चष्मा आहे, मायनस साडेतीन, पहिल्या दोन फेऱ्यांना मी रंगीत धुकं बघून आले. मग ऑनलाइन नंबरच्या काचेचा मास्क घेतला, २,४०० ला, आणि हा माझा सीझनचा सगळ्यात चांगला खर्च. नवीन मास्कच्या काचेवर फॅक्टरीचा पातळ थर असतो, तो टूथपेस्टने चारपाच वेळा घासून काढावा लागतो, नाहीतर वाफ धरतेच. नंतर दरवेळी उतरण्याआधी थुंकी लावून विसळायचं, किळस वाटते पण काम होतं. आठ महिन्यांत रबराचा पट्टा थोडा ढिला झालाय, बाकी ठीक. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचा, मी एकदा उन्हात गच्चीवर विसरले, तिथून सिलिकॉन पिवळट पडलं.

भावोजींची अडचण वेगळी, मिशी. मास्क मिशीवर नीट बसत नाही, नाकाखालून पाणी आत येतंच. दर दोन मिनिटांनी डोकं वर, मास्क रिकामा, परत खाली. काका म्हणाले काढून टाका. भावोजी म्हणाले लग्नाच्या आधीपासूनची आहे.

बायकांसाठी, बोटीवर कपडे बदलायला जागा नाही, हे गृहीत धरूनच चाला. फुल बाह्यांचा घट्ट टीशर्ट आणि लेगिंग घालूनच निघा, ओढणी घरी. फुल बाह्यांचा फायदा म्हणजे सनस्क्रीन कमी लागतं, ते पाण्यात उतरून प्रवाळालाही जातं. माझी पाठ डिसेंबरमध्ये अशी भाजली होती की आठवडाभर पालथी झोपले. परत येताना मोठा टॉवेल आणि गाडीच्या सीटवर प्लास्टिक. उलटीची गोळी निघण्याआधी तासभर, आणि रिकाम्या पोटी जाऊ नका, घावणे खाऊन गेलेलं बरं पडतं, मिसळ नको, ताईला विचारा. लाइफ जॅकेट घालूनच उतरा, मला पोहता येतं म्हणजे विहिरीत येतं, समुद्रात मी जॅकेटशिवाय उतरत नाही. लहान मुलांच्या मापाचं आहे का हे फोनवरच विचारा, ऑक्टोबरमध्ये भाचीला मोठ्यांचं दिलं होतं, ते तिच्या कानांपर्यंत वर यायचं.

चौथी फेरी मेच्या पहिल्या आठवड्यात. सुट्ट्या, घर भरलेलं, सगळ्यांना जमेल तीच तारीख, आणि निघाली नेमकी पौर्णिमा. काकांना फोन केला तर म्हणाले पैसे फुकट जातले. मीच हट्ट केला. भरती सव्वाअकराला, तोवर वारा सुटलेला, लाटा, ओढ अशी की एका जागी थांबता येईना, दोन जणांना उलट्या. डॉल्फिन लांबून एकदा. आणि जे थोडं दिसलं त्यात काही प्रवाळ पांढरे पडलेले, चुना फासल्यासारखे. पाणी जास्त तापलं की प्रवाळाच्या अंगातलं शैवाल निघून जातं, रंगही तेच देतं आणि अन्नही, मग उरतो हा पांढरा. पाणी लवकर निवलं तर परत सावरतो म्हणतात. काका म्हणाले फेब्रुवारीत तुम्ही बघितलात तोच खडक हा. मी ओळखला नसता. काकांनी त्या दिवशी ५०० परत देऊ केले, मी घेतले नाहीत, चूक माझी होती.

कोणीतरी आंग्रिया बँकबद्दल, म्हणजे भर समुद्रातल्या पाण्याखालच्या प्रवाळाच्या पठाराबद्दल विचारतंच, तेही सांगून टाकते, ते विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत आहे, अर्ध्या दिवसाच्या होडीचं ते काम नाही.

कासव? चार फेऱ्यांत एकदा, फेब्रुवारीत, परतताना. पाण्यातून नारळाएवढं डोकं वर आलं, एक श्वास घेतला, गेलं. भाची त्यावेळी नव्हती, अजून रुसलेली आहे.

१ सप्टेंबरला समुद्र उघडेल म्हणून परवा काकांना फोन केला तर म्हणाले गडबड नको, दिवाळी झाली की बघू. मी कॅलेंडरवर नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सगळ्या एकादश्या लाल पेनाने गोल करून ताईला फोटो पाठवला. रात्री भावोजींचा फोटो आला, उलट उत्तर म्हणून. मिशी काढलेली.