मार्चची देणगी मोहीम: व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी की स्वयंचलित यंत्रणा?

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या मराठी संस्थांची देणग्यांसाठी खरी धावपळ आर्थिक वर्ष संपण्याच्या, म्हणजे 31 मार्चच्या, आधीच्या पंधरवड्यात होते.

साध्या व्हॉट्सॲप बिझनेसवर ब्रॉडकास्टच्या (एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवण्याच्या) एका यादीत 256 नावंच बसतात. शिवाय ज्यांनी संस्थेचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्यांना निरोप पोहोचतच नाही. परगावी स्थायिक झालेले देणगीदार नेमके इथेच गळतात.

एपीआयवरच्या, म्हणजे सॉफ्टवेअर व्हॉट्सॲपला जोडून आपोआप निरोप पाठवणाऱ्या यंत्रणेला नंबर सेव्ह असण्याची अट नाही. देणगीदाराची संमती मात्र आधी हवी. मजकूर व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीकडून, मेटाकडून, मंजूर करून घ्यावा लागतो, म्हणून फेब्रुवारीतच पाठवा. मेटाच्या वर्गवारीत आवाहन 'मार्केटिंग'मध्ये मोडतं, पावती 'युटिलिटी'त, आणि आवाहनाचा दर बराच जास्त असतो.

यंत्रणा चुकते ती बहुधा देणग्यांची नोंद ठेवलेल्या शीटमुळे. एनईएफटीने थेट बँकेत आलेली रक्कम कुणी नोंदवलीच नाही, तर काल पैसे भरलेल्या काकांना आज पुन्हा "आपल्या देणगीची वाट पाहतोय" असा निरोप जातो. माणसाला ते फार लागतं. रोज संध्याकाळी बँक स्टेटमेंट जुळवा, मगच पुढची आठवण सोडा. पॅनचा रकाना सक्तीचा ठेवा, नाहीतर देणग्यांचं विवरणपत्र भरताना एकेकाला फोन करत बसावं लागतं. 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला 80जीची (देणगीवरची आयकर) सवलत नाही, हे आवाहनातच लिहा.

दोनेकशे देणगीदारांना ब्रॉडकास्ट पुरे. पावत्या तेवढ्या स्वयंचलित करा. आकडा वाढला की एपीआय घ्या. वर्षानुवर्षं देणाऱ्या ज्येष्ठांना मात्र फोनच करावा, तोही सकाळी अकराच्या सुमारास.